पाण्याची वही आणि बुधवारचे साडेपाच

हिवाळ्यात दर बुधवारी संध्याकाळी साडेपाचला आमच्या ओट्यावर चहा येतो आणि लोट्याला टेकवलेल्या मोबाइलवर ब्रिटनची संसद लागते. लंडनमध्ये तेव्हा दुपारचे बारा वाजलेले असतात. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं तासभर पुढे सरकतात, मग आमचा चहाही साडेचारवर येतो. हे खूळ माझ्या भाच्याने लावलं. तो तिकडे शिकून आला. एकदा सुट्टीत घरी आला, मी पंचायतीच्या सभेतून तणतणत आले होते, तर म्हणाला, "मावशी, तुम्ही भांडता ना पंचायतीत? मग हे बघा, कसं भांडतात."

आमचे सासरे आप्पा ऐंशीच्या पुढचे. इंग्रजीचा गंध नाही, पण बुधवार चुकवत नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी आपल्या अहिराणीत विचारलं, "हाऊ मानूस इतला काब्र बोंबली ऱ्हायना?" मी म्हटलं, तो विरोधी पक्षनेता. पंतप्रधानाला सहा प्रश्न विचारायचा त्याला हक्क आहे. आप्पांनी बोटांवर सहा मोजले आणि सहाव्यानंतर म्हणाले, झाले.

मी अमळनेर तालुक्यातल्या, बोरी नदीकडच्या एका गावात ग्रामपंचायत सदस्य आहे. हरलेल्या पॅनलची. नऊ सदस्यांत आम्ही तिघं, आणि सरपंच थेट निवडून आलेला, समोरच्या पॅनलचा. पहिलं वर्ष आम्ही तेच केलं जे गावोगाव हरलेला पॅनल करतो. इतिवृत्तावर सही करणार नाही म्हणून भांडलो, प्रत्येक ठरावाला विरोध नोंदवला, दोनदा सभात्याग केला. सभात्याग करून जायचं कुठे? समोरच्या टपरीवर. तिथून आतलं सगळं ऐकू येतं. दुसऱ्या वेळी आम्ही चहा पीत असताना आत घरपट्टीचा विषय निघाला आणि मला बोलायचं होतं, पण परत आत जायचं कसं?

बुधवार बघता बघता माझं लक्ष त्या सहा प्रश्नांवरून उडालं. तो तमाशा आहे, दोन्ही बाजूंनी तयारी करून आलेला. माझं लक्ष गेलं नेत्याच्या आजूबाजूला बसलेल्या लोकांवर. सरकारी बाजूला पहिल्या बाकावर अर्थमंत्री, गृहमंत्री, आरोग्यमंत्री बसतात. समोरच्या पहिल्या बाकावर विरोधी पक्षाचे तितकेच लोक, आणि त्यांतल्या प्रत्येकाला एकेक खातं दिलेलं. एक फक्त अर्थखात्याच्या मागे. दुसरा फक्त गृहखात्याच्या. यांना म्हणतात शॅडो मिनिस्टर. मराठी वर्तमानपत्रं छाया मंत्री लिहितात. आता आमच्या खान्देशात, मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तिथे, छाया म्हणजे निंबाखालची खाट. त्या शब्दात मला आरामच दिसतो. खरं तर हा पाठलागाचा धंदा आहे. मंत्री जाईल तिथे सावलीसारखं मागे जायचं.

यांचा रोजचा खाक्या असा. प्रत्येक खात्याच्या मंत्र्याला साधारण पाच आठवड्यांनी एकदा सभागृहात उभं राहून प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. साध्या खासदाराला प्रश्न विचारायचा तर चिठ्ठ्यांमध्ये नंबर लागावा लागतो. छाया मंत्र्याला चिठ्ठी नाही, त्याची पाळी ठरलेली. मंत्री अचानक निवेदन करणार असेल तर त्याची प्रत समोरच्याला थोडी आधी देण्याचा रिवाज आहे. विधेयक समितीत गेलं की कलमामागून कलम दुरुस्त्या मांडत बसायचं. तिथे ना कॅमेऱ्याची गर्दी, ना टाळ्या, आणि बहुतेक दुरुस्त्या पडतातच, कारण मतं सरकारकडे. शिवाय अधिवेशनात वीस दिवस असे, की त्या दिवशी चर्चेचा विषय विरोधक ठरवतात. त्यातले सतरा मुख्य विरोधी पक्षाचे, तीन त्याखालच्या पक्षाचे. हे वाचून मी भाच्याला फोन केला होता. म्हटलं, आमच्या मासिक सभेचा विषय आम्ही ठरवायचा, असा एक दिवस तरी मिळेल का? तो हसला.

आप्पांचा प्रश्न नेहमीचा: "यासले पगार कितला भेटस?"

मंत्रिपदाचा पगार नाही. खासदार म्हणून मिळतो तेवढाच. जास्तीचा पगार विरोधी पक्षनेत्याला, त्यांच्या मुख्य प्रतोदाला आणि एखाद-दोन उपप्रतोदांना. बाकी सगळे खात्याचं ओझं फुकट वाहतात. पक्षाला मात्र कार्यालय, अभ्यास यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा मिळतो. त्याला शॉर्ट मनी म्हणतात. मला वाटलं थोडा पैसा म्हणून शॉर्ट, तर ते १९७५ साली ही पद्धत आणणाऱ्या एडवर्ड शॉर्ट यांचं आडनाव निघालं.

विरोधी पक्षनेत्याच्या पगाराची गोष्ट मला फार आवडते. माझं माहेर फैजपूरकडचं. १९३६ च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू, आणि बांबूसारख्या साध्या वस्तूंनी सगळी सजावट नंदलाल बोस यांनी केलेली. माझे आजोबा तेव्हा लहान होते. बापाच्या खांद्यावर बसून गर्दी पाहिली म्हणायचे, नेहरू दिसले की नाही ते शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही. तिथे ज्या सत्तेविरुद्ध ठराव होत होते, त्याच सत्तेच्या लंडनमधल्या संसदेने पुढच्या वर्षी, १९३७ मध्ये, कायदा करून स्वतःच्या विरोधी पक्षनेत्याला वर्षाला २,००० पौंड पगार लावला. तो पगार पहिल्यांदा घेणारे क्लेमंट अ‍ॅटली. दहा वर्षांनी तेच अ‍ॅटली पंतप्रधान होते आणि त्यांच्याच सरकारने भारताच्या स्वातंत्र्याचा कायदा आणला. हे आप्पांना सांगितलं तर त्यांचं सगळं लक्ष पगारातच: "सरकारले शिव्या देवाना पगार सरकारच देस?" हो आप्पा. आणि नाव तर आणखी गमतीचं, राजाचा विरोधी पक्ष. १८२६ साली जॉन हॉबहाउस नावाचा खासदार सभागृहात हे थट्टेने बोलून गेला आणि तेच नाव चिकटलं.

एक प्रसंग भाच्याने सांगितला तेव्हापासून माझ्या डोक्यातून जात नाही. १९९६ चा फेब्रुवारी. ब्रिटनमधून इराकला गेलेल्या लष्करी उपयोगाच्या सामानाबद्दल न्यायाधीश स्कॉट यांचा चौकशी अहवाल आला, दोन हजारांच्या आसपास पानं. मंत्री तो आधीपासून वाचत होते. विरोधकांच्या वतीने बोलायचं होतं रॉबिन कुक यांना, आणि त्यांना वाचायला मिळाले फक्त दोन तास. कुक त्यातून असं काही हुडकून उभे राहिले की सरकारला घाम फुटला. दोन तासांत दोन हजार पानं कोणी वाचू शकत नाही. कुठलं पान उघडायचं हे ज्याला आधीपासून ठाऊक असतं त्यालाच ते जमतं, आणि ते ठाऊक व्हायला त्या एकाच विषयामागे वर्षानुवर्षं राहावं लागतं. मला आमचं दप्तर आठवलं. भाऊसाहेबांनी, म्हणजे ग्रामसेवकांनी, माझ्यासमोर रजिस्टरांचा ढीग ठेवला होता. "घ्या, बघा काय बघायचं ते." मी नमुना आठ, म्हणजे घरपट्टी आकारणीचं रजिस्टर, उलटून पालटून पाहिला आणि परत ठेवला. काय शोधायचं तेच माहीत नव्हतं.

मग आम्ही तिघांनी वाटून घेतलं. मी पाणी. एसटीतून रिटायर झालेले आमचे एक काका, त्यांच्याकडे रस्ते आणि दिवाबत्ती. तिसरा तरुण पोरगा, बी.कॉम. झालेला, त्याच्याकडे जमाखर्च. दीड महिन्यात आमचा हा अर्थमंत्री समोरच्या पॅनलमध्ये गेला. ब्रिटनमध्येही पळापळ होते, ती वेगळ्या तऱ्हेची. छाया मंत्र्याने पक्षाच्या धोरणाविरुद्ध जायचं नसतं. १९६८ मध्ये इनॉक पॉवेल यांनी बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध विखारी भाषण केलं आणि त्यांचे नेते एडवर्ड हीथ यांनी त्यांना संरक्षण खात्याच्या छाया मंत्रिपदावरून तडक काढलं. २०१६ च्या जूनमध्ये विरोधी पक्षनेते जेरेमी कॉर्बिन यांच्या छाया मंत्रिमंडळातल्या निम्म्याहून अधिक लोकांनी काही दिवसांत राजीनामे दिले. पण ते राजीनामे देऊन आपल्याच पक्षात मागच्या बाकावर जाऊन बसले. आमचा अर्थमंत्री थेट पलीकडच्या खुर्चीवर बसला, आणि आमच्या जमाखर्चाच्या सगळ्या शंका सोबत घेऊन गेला.

आपल्याकडे हे झालंच नाही असं नाही. ९ मार्च २०२० ला नवी मुंबईत मनसेने छाया मंत्रिमंडळ जाहीर केलं. विधानसभेत तेव्हा त्यांचा आमदार एक, आणि पंधरा-सोळा दिवसांत सगळा देश टाळेबंदीत. ओडिशात २०२४ मध्ये बिजू जनता दलाने हरल्यावर आपल्या आमदारांना खाती वाटून दिली. पण मोठा फरक मला वेगळाच वाटतो. आपल्याकडे विरोधी पक्षनेता एकटा. आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरचे एकनाथ खडसे २००९ ते २०१४ विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. तेव्हा कापसाचा भाव त्यांनीच, सिंचन त्यांनीच, पोलीस भरतीही त्यांनीच. सगळ्या खात्यांना एक माणूस किती पुरणार? आणि तीही खुर्ची दहा टक्के सदस्यांच्या हिशोबावर लटकलेली. लोकसभेत २०१४ ते २०२४ ती रिकामी होती. महाराष्ट्रात २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर विरोधातल्या एकाही पक्षाकडे २८८ पैकी २९ आमदार नव्हते. ब्रिटनमध्ये असा टक्क्याचा हिशोब नाही. सरकारबाहेरचा सगळ्यात मोठा पक्ष तो विरोधी पक्ष, संपलं.

माझ्या वहीकडे येते. दोनशे पानी, रेघांची. त्यात कुठल्या गल्लीला कधी पाणी सुटलं, किती वेळ चाललं, मोटार कधी जळली, रिवाइंडिंगला किती लागले, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर टाकली का, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची ओटी टेस्ट झाली का. पहिले दोन महिने बायका हसल्या. मग रोज सकाळी आपणहून सांगायला लागल्या, ताई, आमच्या बाजूला वीस मिनिटंच आलं. सहा महिन्यांनी वहीतून एक गोष्ट बाहेर आली. शेवटच्या दोन गल्ल्यांना पाणी पोचत नाही त्या प्रत्येक वेळी मधला एक व्हॉल्व्ह अर्धाच फिरवलेला असतो. कोणी फिरवला ते मी लिहिलं नाही, गावात राहायचं आहे. सभेत फक्त तारखा वाचल्या. सतरा तारखा. कोणी ओरडलं नाही. आम्हीही सभात्याग केला नाही.

पुढच्या महिन्यात त्या दोन गल्ल्यांसाठी वेगळा व्हॉल्व्ह बसवायचा ठराव आला, सरपंचांच्या नावाने. बोर्ड लागला, फोटो निघाला, फोटोत मी नाही. खरं सांगते, चार दिवस जेवण गोड लागलं नाही. भाच्याला फोन केला तर त्याने २०२२ सांगितलं. तेल आणि वायूच्या कंपन्यांना अचानक मिळालेल्या जास्तीच्या नफ्यावर कर लावा, असं छाया अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज जानेवारीपासून म्हणत होत्या. अर्थमंत्री ऋषी सुनक नको नको म्हणत राहिले, आणि मे महिन्यात त्यांनीच २५ टक्क्यांचा कर आणला, नाव तेवढं बदलून. २०२४ च्या जुलैत रीव्ह्ज स्वतः अर्थमंत्री झाल्या. म्हटलं, वा, म्हणजे मी पुढची सरपंच. तर म्हणे, थांब मावशी. त्याच निवडणुकीत मजूर पक्ष चारशेच्या वर जागा घेऊन जिंकला आणि त्यांचे दोन छाया मंत्री, जोनाथन अ‍ॅशवर्थ आणि थँगम डेबनेअर, आपापल्या मतदारसंघात पडले. एमिली थॉर्नबेरी निवडून आल्या तर त्यांचं पद दुसऱ्याला दिलं. वर्षानुवर्षं अभ्यास करायचा, आणि वरात निघते तेव्हा आपण घोड्यावर नसतो.

तरी निवडणुकीआधीची त्यांची एक पद्धत मला आपल्याकडे हवीच आहे. १९६४ पासून चालत आलेली. निवडणूक जवळ आली की पंतप्रधानाच्या परवानगीने खात्याचे सरकारी अधिकारी विरोधी पक्षाच्या छाया मंत्र्यांना भेटतात. तुम्ही आलात तर काय करणार, ते ऐकून घेतात, म्हणजे पहिल्या दिवशी गोंधळ नको. १९९७ मध्ये मजूर पक्ष १ मे ला जिंकला आणि ६ मे ला अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी व्याजदर ठरवायचा अधिकार बँक ऑफ इंग्लंडकडे सोपवून टाकला. पाच दिवसांत एवढं काही सुचत नाही, पाच वर्षं ते छाया अर्थमंत्री होते. आमच्या पंचायतीत सत्ता बदलली की पहिले पाच दिवस कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते शोधण्यात जातात.

गेल्या आठवड्यात रात्री नऊला भाऊसाहेबांचा फोन. मोटार पुन्हा जळली होती, नवीन मोटारीचा प्रस्ताव तालुक्याला पाठवायचा होता आणि आधीच्या दुरुस्त्यांच्या तारखा दप्तरात सापडत नव्हत्या. "ताई, तुमच्या वहीत असतील ना?" होत्या. वर्षभरात चार वेळा, रिवाइंडिंगच्या खर्चासकट. "पानाचा फोटो टाका ना."

प्रत्येक पानाखाली मी तारीख घालून सही करते. फोटोत ती नीट येईल असा मोबाइल धरला, आणि टाकला.