तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कुणाच्या वाट्याला किती?

घरखर्चाच्या सर्वेक्षणांचे आकडे चाळणं हे माझं काम. ते कळलं की लोक हमखास विचारतात, "अहो, घरात सगळं एकत्रच असतं. त्यातलं कुणाला किती मिळालं, हे तुम्हाला कसं कळणार?"

बरंचसं कळत नाहीच. प्रश्नावलीत विजेचा, धान्याचा आकडा अख्ख्या घराचा मिळून एकच असतो. त्यातही फरक आहे. दिव्याखाली मी वाचत बसले आणि शेजारी आणखी कुणी येऊन बसलं, तर माझा उजेड कमी होत नाही. ताटातला घास मात्र एकाच्याच पोटात जातो. गाडीचं पेट्रोल अधलंमधलं: दोघं बरोबर गेले तर सामायिक, वेगवेगळे गेले तर ज्याचं त्याचं.

म्हणून माणसं दुप्पट झाली तरी गरज दुप्पट धरत नाहीत. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या, घराची गरज मोजायच्या एका प्रचलित पट्टीत पहिला मोठा माणूस १, पुढचा प्रत्येक मोठा ०.५ आणि मूल ०.३. म्हणजे आईबाप आणि दोन मुलं मिळून २.१. सोयीची पट्टी आहे, पण घरात सगळ्यांचं सारखंच भागतं असं ती धरून चालते. तिथंच माझं तिच्याशी बिनसतं.

खरा सुगावा लागतो कपड्यांतून. कपडे कुणाचे, ते नोंदीतच असतं: पुरुषांचे, बायकांचे, मुलांचे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये मुलांसाठीची करसवलत गेली आणि त्याऐवजी आईच्या हातात भत्ता पडू लागला. आधी तो फायदा बहुधा बापाच्या पगारात दिसायचा. लुंडबर्ग, पोलॅक आणि वेल्स या अर्थतज्ज्ञांनी १९९७ साली दाखवलं, की त्यानंतर पुरुषांच्या कपड्यांच्या मानाने बायकामुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढला. घराचा खिसा खरोखर एकच असता, तर पैसा कुणाच्या हातात पडला यानं काय फरक पडला असता?

अर्थतज्ज्ञ पिएर-आंद्रे शियापोरी यांनी १९८८पासून मांडलेला विचार याच वाटेचा: घर म्हणजे एक माणूस नव्हे, वाटणी करणारी माणसं. कपड्यांसारख्या एखाद्या नोंदीवरून वाटा कुणीकडे सरकला, ते काढता येतं. नेमका किती होता, हे सांगायला आणखी गृहीतकं लागतात. (आणि बायकोच्या नव्या कपड्यांनी नवराही खूश होत असेल, तर तो उपभोग कुणाच्या नावावर टाकायचा?)

शिवाय प्रश्नावलीची उत्तरं बहुतेकदा घरातलं एकच माणूस देतं. बाकीच्यांनी बाहेरच्या बाहेर काय खाल्लं, ते त्याला कुठं ठाऊक असतं!