तुम्ही विचारलंत म्हणून : उजळाईवाडीत आहे ते नेमकं काय?

मी विमानांच्या धंद्यातला नाही. घरांचे नकाशे काढायचे आणि मंजूर करून आणायचे, हे माझं काम. पण उजळाईवाडी, तामगाव, मुडशिंगी, नेर्ली या पट्ट्यात बांधकाम करायचं म्हटलं की कोल्हापूरच्या विमानतळाचा, इमारतीच्या उंचीचा दाखला लागतो. त्या कागदांच्या नादानं मला थोडीफार ही भाषा शिकावी लागली. तेव्हापासून कुणी सातबारा घेऊन आलं की चहा येईपर्यंत एक प्रश्न ठरलेला: "साहेब, आपलं ते एअरपोर्ट म्हणायचं, एअरफील्ड म्हणायचं, का नुसती धावपट्टी? आणि इंटरनॅशनल का नाही?"

विचारण्यात जरा खोच असते. पुण्याच्या पाव्हण्यांनी कुठल्यातरी लग्नात टोमणा मारलेला असतो, त्याचं उत्तर हवं असतं.

कोल्हापूरकराला हे समजावणं तसं सोपं आहे. हौदा, तालीम आणि मैदान यांत आपली कधी गल्लत होत नाही. हौदा म्हणजे तांबडी माती, लंगोट लावून उतरलं की झालं. तालीम म्हणजे हौद्यावर छप्पर, वस्ताद, पोरं, खुराकाचा हिशोब आणि थोडं गल्लीतलं राजकारण. मैदान म्हणजे खासबाग: तिकीट, पंच, बंदोबस्त, हजारो माणसं. माती तिन्हीकडं तीच. एअरस्ट्रिप हा नुसता हौदा. सपाट लांब पट्टी, फार तर एक वाऱ्याची झोळी आणि राखणदार. एअरफील्ड ही तालीम: हँगर, इंधन, शिकाऊ वैमानिक. आणि एअरपोर्टमधल्या 'पोर्ट'चा अर्थ बंदर, म्हणजे जिथं प्रवासी चढ-उतार करतात, माल हलतो, तपासणी होते ते मैदान. कराडची धावपट्टी कोयना धरणाच्या कामासाठी पन्नासच्या दशकात झाली, ती हौदा म्हणूनच. बारामतीला वैमानिक शिकतात, ती तालीम.

कायद्याला मात्र ही तिन्ही सारखीच. १९३४च्या विमान कायद्यात शब्द होता एअरोड्रोम: विमान उतरायला किंवा उडायला म्हणून राखलेली जमिनीची किंवा पाण्याची हद्द, वरच्या शेड-इमारतींसकट. 'ड्रोम' ग्रीकमधून आला, त्याचा अर्थ धावायची जागा. म्हणजे आपला 'धावपट्टी' हा शब्द मुळाशी जास्त इमानदार आहे असं माझं मत. व्याख्येत पाणी आहे म्हणूनच २०२०च्या ऑक्टोबरात साबरमतीवरून केवडियाला सी-प्लेन सुरू झालं तेव्हा दोन्ही टोकांना 'वॉटर एअरोड्रोम' होती. आपल्या रंकाळा तलावाचं मला विचारू नका.

'फील्ड' या शब्दाला इतिहास आहे. सुरुवातीची विमानं हलकी, वाऱ्याला तोंड दिल्याशिवाय उडायला-उतरायला अवघड. त्यामुळं पट्टी नसायचीच, गवताचं मोकळं मैदान असायचं. वारा जिकडून असेल तिकडं तोंड करून निघायचं. विमानं जड झाली, चाकं मातीत रुतायला लागली, तेव्हा पक्की पट्टी आली आणि दिशा कायमची ठरली. मुंबईचं जुहू १९२८चं, पावसाळ्यात पाणी भरायचं म्हणून टाटांची टपालविमानं त्या दिवसांत पुण्याला न्यावी लागत. आपल्याकडं राजाराम महाराजांनी विमानतळ केला तो १९३९ साली. पुण्याच्या पाव्हण्यांना हे साल जरूर सांगा.

आपली पट्टी एकच, पण नावं दोन. एका टोकाला ०७ रंगवलंय, दुसऱ्याला २५. "पंचवीस पट्ट्या आहेत का हो?" असं एकानं मला खरंच विचारलं होतं. ते होकायंत्राचे अंश, शेवटचं शून्य काढून: ७० आणि २५०. पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, म्हणून विमान पूर्वेकडून येऊन २५वर उतरतं.

आता इंटरनॅशनल. हा शब्द लांबीवर मिळत नाही आणि टर्मिनलच्या दगडी कमानींवर तर नाहीच. २०२४च्या मार्चमध्ये नवं टर्मिनल झालं, वाड्यासारखं दिसतं, मला आवडतं. पण परदेशातलं विमान उतरवायचं तर कस्टम्सच्या कायद्याखाली त्या जागेची अधिसूचना निघावी लागते, पारपत्र तपासणारी माणसं बसावी लागतात. आणि टोमणा मारणाऱ्या पाव्हण्यांना हेही सांगा, की पुण्याचा लोहगाव हा हवाई दलाचा तळ आहे. प्रवासी जिथून चढतात तो त्यातला राखून दिलेला तुकडा, त्याला म्हणतात सिव्हिल एन्क्लेव्ह. गोव्याचं दाभोळीही तसंच, ते नौदलाचं. मालक वरच्या मजल्यावर आणि आपण पोटभाडेकरू.

ग्रीनफील्ड-ब्राउनफील्डचं फार मनावर घेऊ नका. कोऱ्या जागेवर नव्यानं बांधलं तर ग्रीनफील्ड, जसं २०२१ला सुरू झालेलं सिंधुदुर्गातलं चिपी. जुन्याचंच वाढवलं तर ब्राउनफील्ड, ते आपण. आमच्याकडं ग्रीनफील्ड म्हटलं की माणसाला ऊसच दिसतो. शेत ज्याचं गेलं त्याला तर रंगाच्या नावाचा रागच येतो.

खरा प्रकार ठरतो तो एका आकड्यानं आणि एका अक्षरानं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेची ही पद्धत आहे. अक्षर विमानाच्या पंखांच्या पसाऱ्यावर. २४ ते ३६ मीटर म्हणजे सी. एटीआर-७२चे पंख २७ मीटर, एअरबस ए-३२०चे ३६च्या जरा आत, म्हणजे पंखेवालं विमान आणि जेट दोघंही सी. फरक आकड्यात पडतो. विमानाला उडायला किती धाव लागते त्यावर गट १ ते ४: ८०० ते १२०० मीटरला २, १२०० ते १८०० ला ३, त्यापुढं ४. एटीआर-७२ बसतं ३ सीमध्ये, ए-३२० बसतं ४ सीमध्ये.

मग लोक म्हणतात, आपली पट्टी १३७० मीटरची होती, आता १९३० आहे, १८००च्या पुढं गेली की! इथंच गोम आहे. हा आकडा समुद्रसपाटीवरच्या, थंड हवेतल्या धावेचा. उजळाईवाडी समुद्रापासून साधारण ६०० मीटर वर. हवा विरळ, पंखांना आधार कमी. दर ३०० मीटरला ७ टक्के लांबी जास्त धरायची असा आखणाऱ्यांचा हिशोब, म्हणजे १४ टक्के तिथंच गेले. त्यावर एप्रिल-मेचं ऊन, प्रमाण मानलेल्या तापमानाच्या वर प्रत्येक अंशाला आणखी १ टक्का. सगळं वजा जाता जुन्या १३७०मधून हाती उरायचे जेमतेम हजाराच्या आसपास. १९३०मधून साडेतेराशे धरा. २३००पर्यंत न्यायची म्हणून जी धडपड चालली आहे, ती या वजाबाकीसाठी.

आणि हा गटाचा आकडा विमानाशी थांबत नाही, तुमच्या गच्चीपर्यंत येतो. पट्टीच्या टोकापासून ६० मीटर सोडून आभाळात एक तिरपा पडदा धरलेला असतो. त्याला काहीही टोचता कामा नये. गट २, नुसत्या नजरेनं उतरायची पट्टी, तर चढ ४ टक्के. गट ३ किंवा ४ आणि उपकरणांच्या मदतीनं उतरायची सोय, तर चढ फक्त २ टक्के. पडदा सुरू होतो तिथून ५०० मीटरवर घर असेल तर पहिल्या हिशोबात २० मीटर मिळतात, दुसऱ्यात १०. शिवाय पट्टी वाढली की पडद्याचं मूळच तुमच्या अंगणाकडं सरकतं. विमानतळ मोठा व्हावा म्हणून गावात पेढे वाटणाऱ्याचा तिसरा मजला त्याच बातमीत गेलेला असतो, आणि ते त्याला मी सांगायचं.

एकदा मीच चुकलो. एका गिऱ्हाइकाच्या अर्जात स्लॅबपर्यंतची उंची लिहिली आणि जिन्यावरची खोली, तिच्यावरची पाण्याची टाकी धरायची राहिली. उंची मोजतात ती सगळ्यात वरच्या टोकाची, अँटेना धरून, आणि तीही रस्त्यापासून नाही, समुद्रसपाटीपासून. अर्ज परत आला. नव्यानं लेव्हल घेतली, नव्यानं नकाशा काढला, पैसे अर्थातच माझ्या खिशातले. शेवटी टाकी खाली आणून जिन्याच्या बाजूला गच्चीवरच टेकवली.

दाखला मिळाला, घर झालं, वास्तुशांतीला जेवलोही. फक्त टाकी बुटकी झाल्यामुळं वरच्या मजल्यावर शॉवरला जोर येत नाही. हैदराबादचं विमान डोक्यावरून गेलं की त्या माणसाला माझी आठवण होते आणि तो फोन करतो.