नवसागराची चिमूट

सकाळी पाय मोकळे करायला निघालं की पेठेतल्या गल्लीत नवं काय दिसणार? दुधाच्या पिशव्या, स्कूटर पुसणारे काका, दाराला अडकवलेला पेपर. आणि एखाद्या वळणावर अवचित कल्हईवाला. जमिनीत वीतभर खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता, भोवती काळवंडलेली तांब्या-पितळेची भांडी. स्टीलच्या राज्यात हा माणूस आता असाच, न सांगता भेटतो. हात लगेच खिशातल्या फोनकडे जातो.

आणि पहिला फोटो वाया जातो, कारण सगळे विस्तव टिपतात. उन्हात विस्तव दिसतच नाही, फोटोत नुसता राखेचा ढीग उरतो. टिपायचा तो धूर. तो मात्र अवचित येत नाही. भांडं तापतं, भांडं साफ करणाऱ्या नवसागराची, म्हणजे अमोनियम क्लोराइड या क्षाराची, चिमूट पडते आणि भसकन पांढरा लोट उठतो. मग कथील टेकवलं की वितळतं (२३२ अंश त्याला पुरतात) आणि कापसाच्या बोळ्याने ते फिरवताच पातेल्याचं पोट चंदेरी होतं. म्हणून डोळा कारागिराच्या हातावर ठेवावा. हात नवसागराच्या डब्याकडे वळला की बोट बटणावर. एक लोट हुकला तरी बिघडत नाही, पुढचं भांडं रांगेत असतंच.

उभं कुठे राहायचं, हे जास्त महत्त्वाचं. ऊन धुराच्या मागून यायला हवं आणि धुरापाठी काळोखं दार किंवा सावलीतली भिंत हवी. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरा धूर म्हणजे दुधात खडीसाखर शोधणं. वारा आपल्याकडून त्याच्याकडे जाणारा हवा, नाहीतर नवसागर डोळ्यांत आणि घशात झोंबतो.

फोनमध्ये कारागिराच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस बांधून टाकावा. नाहीतर कॅमेरा धुरामागे धावतो आणि माणूस पुसट होतो. त्यानंतर उजेड थोडा खाली ओढावा. मागच्या काळोखाला भुलून कॅमेरा चित्र उजळवतो आणि धुराचे पदर जळून सपाट पांढरा डाग उरतो. नाईट मोड बंदच असू द्या, अनेक चौकटी एकत्र करताना तो धूर सारवून टाकतो. मोठा कॅमेरा असेल तर २८ मिमी लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ/८, शटर १/२५० सेकंद आणि फोकस अडीच मीटरवर. फुल-फ्रेमवर, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यावर, दीड मीटरपासून जवळजवळ दहा मीटरपर्यंतचं सगळं स्पष्ट येतं, मग ऐनवेळी फोकस शोधत बसावं लागत नाही.

आधी 'काका, काढू का फोटो?' एवढं विचारावं. विचारल्यावर माणूस ताठ बसून कॅमेऱ्याकडे बघतो, हे खरं. पण भांडं तापलेलं असतं आणि कथील कुणासाठी थांबत नाही. दोन मिनिटांत तो आपल्याला विसरतो.

सगळ्यात चांगली सोय म्हणजे घरातलं एक पितळी पातेलं सोबत नेणं. गिऱ्हाइकाला तासभर उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही.