वजन मुलाला विचारलं, काट्याला नाही

थ्री टेस्ला ताकदीच्या चुंबकाच्या एमआरआयवर बरीच वर्षं काम करतोय, पण ती दुपार काही डोक्यातून जात नाही. काका शुगरचे जुने पेशंट, होल स्पाइनचा, म्हणजे पूर्ण मणक्याचा स्कॅन होता, बाहेर रांग लागलेली, त्या घाईत मी वजन त्यांच्या मुलाला विचारलं, तो म्हणाला 90, मी 90 टाकलं, आणि काकांना थंडी वाजत होती म्हणून वरून ब्लँकेटपण घातलं. दोन्ही गाढवपणा माझाच.

तिसऱ्या सिक्वेन्सला, म्हणजे स्कॅनच्या तिसऱ्या फेरीला, काकांच्या हातातला बझर वाजला. "अहो, आतून भाजल्यासारखं होतंय हो." कन्सोलवर सार (SAR, म्हणजे मशीनच्या रेडिओ लहरींची किती पॉवर अंगात किलोमागे मुरतेय) 1.9 वॅट, नॉर्मल मोडची लिमिट 2, म्हणजे मशीनच्या हिशोबाने सगळं ठीक. तरी बाहेर काढलं. तोंड, मान घामाने निथळतेय, उशी ओलीचिंब, आणि पायाला हात लावला तर कोरडा ठणठणीत आणि गरम. शुगरने नसा गेल्या की पायांना घामच येत नाही ना, मग सगळा घाम वरचं अंग काढतं. ताप 99.8.

काट्यावर उभं केलं तर 68! मुलगा शुगर वाढायच्या आधीचं वजन सांगत होता.

आता गंमत अशी की मशीन रेडिओ लहरींच्या पॉवरला आपण टाकलेल्या वजनाने भागतं, म्हणजे खरा आकडा किलोमागे अडीच वॅट. शांत पडलेला माणूस स्वतःच्या मेटाबॉलिझममधून किलोमागे साधारण एक वॅट उष्णता बनवतो, म्हणजे काकांच्या घरच्या चुलीशेजारी मी अडीचपट मोठी चूल पेटवली होती आणि वर झाकण घातलं होतं. माकडांवरच्या प्रयोगांत दिसलंय की थंड खोलीत मायक्रोवेव्ह लहरी दिल्या की शरीर आपली उष्णता बनवणं कमी करतं, पण ब्लँकेटखाली ती सोय कुठली, तिथे घाम आणि कातडीकडे जाणारं रक्त एवढंच हातात, आणि काकांचं नेमकं तेच अधू.

68 टाकलं तर मशीन तोच सिक्वेन्स घेईना, स्लाइस, म्हणजे फोटोचे काप, कमी कर म्हणायला लागलं. ब्लँकेट काढलं, पंखा फुल, मधे मधे थांबत संपवला. मुलाची काळजी वेगळीच, रेडिएशनने कॅन्सर होईल का, त्याला म्हटलं अरे हा एक्स-रे नाही, इथे प्रश्न फक्त गरमीचा.

काका उठून बसले, चपला शोधत म्हणाले, "आता बरंय. पाय निवले का तेवढं बघा, मला काय कळत नाय."