तुम्ही विचारलंत म्हणून: त्या भिंतींचे फोटो

दर गणपतीत मंडळात कोणीतरी विचारतंच, "काय हो, किल्ल्यांच्या मुलखातला माणूस तुम्ही, आणि आयर्लंडात येऊन पडक्या भिंतींचे फोटो काढत काय फिरता?" मी हसतो आणि मोदक घेतो.

सगळ्या पडक्या नाहीत हो. हँडबॉलच्या अ‍ॅली आहेत त्या. ६० फूट लांब, ३० फूट रुंद, समोर उंच भिंत, दोन्ही अंगांना उतरत गेलेल्या भिंती, वर आभाळ. चेंडू उघड्या तळहाताने समोरच्या भिंतीवर मारायचा. खोड जुनी आहे. १५२७ साली गॉलवे शहराने या खेळाला मनाई केली होती. खेड्यात अ‍ॅली म्हणजे आपला पारच. तिथेच सभा, तिथेच नाच. पुढे ४० बाय २० फुटांची छपराखालची कोर्टं आली आणि उघड्यावर भिजायला कोणी येईना.

पण मी फिरतो ते यामुळे नाही. अशीच एक अ‍ॅली माझ्या अहवालावर पाडली गेली.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भिंत पाहायला गेलो तेव्हा पाऊस होता. बिनसळईचं काँक्रीट, माथ्यावरून पाणी मुरलेलं, आयव्हीच्या वेलीची मुळं भेगांत शिरलेली. एक म्हातारा आला. उजव्या कोपऱ्यात खाली हात ठेवून म्हणाला, "इथे लागलेला चेंडू परत यायचा नाही." मग विचारलं, "पडेल का?" मी म्हटलं, "सांगता येत नाही." माथा झाकून, भेगा भरून, मागून धिरे देऊन ती कदाचित राहिली असती. तो पर्याय मी एका ओळीत उरकला. वर लिहिलं, 'सध्या वापरात नाही.' हे टिपताना मी त्याच भिंतीच्या आडोशाला उभा होतो, शेजारी शाळा सुटलेली दोन पोरं.

पाडायला यंत्र आलं. सकाळी सुरू झालेलं काम दुपारपर्यंत चाललं, भिंत हटेना. बघ्यांपैकी कोणीही माझ्याकडे पाहिलं नाही.

तेव्हाचा मी आजही माझ्याशी भांडतो: पोरावर पडली असती तर? यंत्राला दाद न देणारी भिंत वादळात कोसळू शकते, हे तुला शिकवायला हवं का? नको. बरोबर आहे त्याचं. तरी 'सध्या वापरात नाही' ही ओळ खोटी होती.

आता सुट्टीत फिरतो, फोटो काढतो. कुठे गुरं बांधलेली असतात, कुठे रिकाम्या बाटल्या टाकायचे डबे ठेवलेले. वारसा वगैरे शब्द मला वापरवत नाहीत. आणि खरं सांगू? कॅमेरा डोळ्याला लावला की अजूनही आधी भेगाच दिसतात.