खाली न वळणारी नजर

परळच्या एका रुग्णालयात मी मेंदूविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. पावसाळ्यातल्या एका गर्दीच्या ओपीडीत काळाचौकीच्या चाळीत राहणारे, बेस्टमधून निवृत्त झालेले एक वाहक मुलीच्या आधाराने आत आले. केसपेपरवर पार्किन्सनचे निदान होते आणि त्यावरच्या लेव्होडोपा या औषधाचा डोस वाढवत नेऊनही काहीच फरक पडला नव्हता. त्यांचा खरा आजार वेगळाच होता, पण त्याची सुरुवात पार्किन्सनसारखी दिसत असल्याने असे अनेकदा घडते.

मात्र पार्किन्सनचा रुग्ण सहसा पुढे झुकतो. हे गृहस्थ ताठ चालत होते आणि पहिल्या वर्षापासूनच पाठीमागे कोसळत होते. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, बाबा जेवताना अंगावर सांडतात, पण हात तर कापत नाही." त्या वाक्याने माझे लक्ष त्यांच्या डोळ्यांकडे गेले. "काका, मान न हलवता माझ्या बोटाकडे बघा," असे सांगून मी बोट खाली नेले, तेव्हा त्यांची नजर मध्येच अडली. मग त्यांना माझ्या चेहऱ्याकडे बघत राहायला सांगून मी त्यांचे डोके हळूच मागे कलवले, आणि तेच डोळे खोबणीत सहज खाली वळले. डोळ्यांचे स्नायू आणि त्यांच्या नसा शाबूत होत्या. मेंदूतील वरच्या केंद्राकडून येणारा आदेश मात्र पोहोचत नव्हता. ताटातले अन्न आणि जिन्याची पायरी त्यांना दिसत नव्हती, ती यामुळेच. एमआरआयमध्ये मध्यमस्तिष्क, म्हणजे मेंदूच्या खोडाचा वरचा भाग, आक्रसलेले दिसले. टोरांटोच्या स्टील, रिचर्डसन आणि ओल्शेव्स्की यांनी 1964 मध्ये सविस्तर वर्णन केलेला हा आजार, प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, म्हणजे पीएसपी.

तो टाऊ प्रथिनाशी निगडित आहे असे मी सांगताच मुलीने मोबाइलवरची बातमी पुढे केली. टाऊ मोजणाऱ्या एका रक्तचाचणीला अमेरिकेत 2025 मध्ये मान्यता मिळाली होती. "ही करून घेऊ या का?" तिच्या प्रश्नात इतकी आशा होती की घाईने उत्तर देणे मला योग्य वाटले नाही.

टाऊ हे चेतापेशीतील सूक्ष्मनलिकांना स्थैर्य देणारे प्रथिन आहे. प्रौढ मेंदूत त्याची सहा रूपे असतात. काहींत एक विशिष्ट भाग तीनदा येतो, काहींत चारदा. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या टाऊच्या गाठींत दोन्ही प्रकार सापडतात, पीएसपीत प्रामुख्याने चार पुनरावृत्तींचा. केंब्रिजच्या संशोधकांनी अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने अल्झायमरमधील टाऊच्या तंतूंची रचना 2017 मध्ये दाखवली, आणि 2021 मध्ये पीएसपीतील तंतूंची घडी तिच्याहून वेगळी असल्याचेही स्पष्ट केले. मला हे अलीकडच्या काळातील सर्वांत मोलाचे काम वाटते, कारण प्रथिन एकच असले तरी एका आजाराची चाचणी दुसऱ्याला का लागू पडत नाही, हे त्यातून उमगते. त्या बातमीतील चाचणी पी-टाऊ217 (फॉस्फेट जोडलेला टाऊ) आणि अमायलॉइड हे दुसरे प्रथिन यांचे गुणोत्तर मोजते. ती अल्झायमरसाठी आहे. तिच्या वडिलांच्या आजाराबद्दल ती काही सांगू शकली नसती, म्हणून तो खर्च करू नका, असे मी स्पष्ट सांगितले.

"मग औषध?" तिने विचारले. पीएसपीवर टाऊविरोधी दोन प्रतिपिंडांच्या (अँटिबॉडी) मोठ्या चाचण्या 2019 मध्ये निष्फळ ठरल्या, हेही मी लपवले नाही. मात्र टाऊची निर्मितीच कमी करणाऱ्या उपचारावर काम सुरू आहे. सौम्य अल्झायमर असलेल्या रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत मेंदूजलातील (मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या द्रवातील) टाऊ निम्म्याच्या आसपास घटल्याचे 2023 मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांची प्रकृती त्याने सुधारते का, हे त्या चाचणीतून ठरणार नव्हते.

त्या दिवशी हाती होते ते एवढेच: ताट डोळ्यांच्या उंचीजवळ येईल असे स्टँडवर ठेवायचे, जिना एकट्याने उतरू द्यायचा नाही, आणि गिळण्याची तपासणी लगेच करायची. तपासणीत पाणी श्वासनलिकेकडे जात असल्याचे दिसले, म्हणून पाणी आणि चहा दाट करून देण्याची पद्धत थेरपिस्टने मुलीला करून दाखवली. लेव्होडोपा हळूहळू कमी करण्याचे वेळापत्रक मी केसपेपरवर लिहिले आणि जुने निदान खोडून त्याजागी नवे नाव मराठीत लिहून दिले.