मंडळाची कोजागिरी आणि पोरांचे चंद्र

वडगावातल्या आमच्या मंडळाची कोजागिरी मूळची दूध-भेळेची. गणपतीच्या वर्गणीतून उरलेल्या पैशांचं दूध आणायचं, देवळामागच्या पटांगणात आटवायचं आणि केशर परवडत नाही म्हणून वेलदोडा-जायफळाला हात जरा सैल सोडायचा. चित्रं त्यात मागाहून आली. मराठी शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि एका बैठकीत म्हणाले, "दुधात चंद्र बघताय न्हवं? मग पोरांच्या कागदावरचा पण बघा की!"

सरांची अट एकच होती, आधी बघायचं, मग काढायचं. नवरात्र बसलं की पोरं संध्याकाळी गच्चीवर. चंद्रकोरीच्या दोन टोकांमध्ये चांदणी काढणाऱ्याला सर विचारत, "तिथं चंद्राचा न दिसणारा भाग आहे. त्याच्या आरपार चांदणी दिसेल होय?" हात लांब करून करंगळी धरली तर अख्खा चंद्र झाकतो, हे पटवायला मात्र प्रत्येकाला करंगळी धरायलाच लावावी लागे. चंद्रावरचे काळे डाग म्हणजे लाव्हा थिजून झालेला बसाल्ट, आपल्या सह्याद्रीच्या कातळाचाच भाऊबंद, हे कळल्यावर सशाचे कान काढणारी पोरं दगडाचा पोत काढायला लागली.

कोजागिरीच्या रात्री सर पटांगणातले सगळे दिवे मालवायला लावत. डोळे अंधाराला सरावले की चित्रातला लाल रंग काळवंडलेला दिसे, निळा त्यामानाने उजळ. रात्रीचं चित्र निळसर का रंगवतात, ते तिथं उभ्या उभ्या समजायचं. (तेवढ्या वेळात भेळेचं पातेलं हलकं व्हायचं, ते वेगळं.)

मंडळाने बक्षिसं ठेवली नाहीत, हे फार बरं केलं. पहिल्या नंबराच्या पोराचं कौतुक होतं आणि बाकीची पुढच्या वर्षी येत नाहीत. त्याऐवजी कार्ट्रिज कागद आणि पोस्टर कलर मंडळाचे. आमच्याकडे घरोघरी विणकर, घरात विणायचा मागच अर्धी खोली अडवून बसलेला, तिथं पोरानं कागद पसरायचा कुठं? म्हणून मंडळाची खोली संध्याकाळी उघडी. आणि चित्रं विकत घ्यायची, सगळ्यांची एकाच दराने. एका विणकराच्या मुलीने जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राच्या, जुन्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांमागे बल्ब लावून चंद्र केला होता. तो घ्यायला दोन साडी व्यापारी भांडले. दर ठरलेला, त्यामुळे शेवटी चिठ्ठी टाकली.

2023 ची कोजागिरी वेगळीच. 23 ऑगस्टला चांद्रयान-3 उतरलेलं, त्यामुळे निम्म्या चित्रांत विक्रम लँडर. त्यात 28 ऑक्टोबरला कोजागिरी आणि मध्यरात्रीनंतर खंडग्रास चंद्रग्रहण! वेधात दूध कसं आटवायचं यावर बायकांची सभा भरली. दूध दुसऱ्या दिवसावर गेलं, चित्रं मात्र त्याच रात्री लागली. एकच्या सुमाराला चंद्राची कड काळवंडायला लागली तशी पोरं पेन्सिली घेऊन गच्चीवर पळाली. त्यांच्या आया खालून हाका मारून दमल्या.

आता चित्रं इतकी येतात की देवळाची भिंत पुरत नाही. शेजारच्या यंत्रमागवाल्या काकांनी आपली भिंत चुना मारून दिली आणि वर बजावलं, "खिळे ठोकायचे न्हाईत हं." मग त्यांच्याच कारखान्यातलं सूत पिळून दोरी केली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगली.